वेटिंगचा आकडा वाचायचा कसा?

एकाच गाडीचं, एकाच तारखेचं, एकाच वर्गाचं तिकीट दोघांनी काढलं. एकाला वेटिंग 12 मिळालं, दुसऱ्याला 58. चार्ट, म्हणजे जागावाटपाची शेवटची यादी, लागला तेव्हा 58 वाल्याचा बर्थ पक्का झाला आणि 12 वाल्याचं तिकीट आपोआप रद्द झालं. 12 वाला साहजिकच म्हणतो, की कुणीतरी वशिला लावला. पण बहुतेक वेळा वशिला नसतो. दोघं वेगवेगळ्या रांगांत उभे होते आणि तिकिटावर ते लिहिलेलंही होतं. त्या चार अक्षरांचा अर्थ मात्र त्यांना कुणी सांगितलेला नव्हता.

रेल्वेच्या आरक्षणाबद्दलचा निम्मा संताप इथून सुरू होतो. भाडं परवडत नाही, गाड्या कमी आहेत, तत्काळ मिळत नाही, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण पैसे भरून महिना-दोन महिने वाट पाहणाऱ्या माणसाला आपण नेमके कशाची वाट पाहतोय हेच माहीत नसणं, हा वेगळा जाच आहे. तो कमी करता येतो.

गाडी एक, रांगा अनेक

स्लीपरचा नव्या धाटणीचा, म्हणजे एलएचबी डबा घ्या. त्यात 80 बर्थ असतात, जुन्या निळ्या डब्यात 72. गाडीला असे सहा डबे असले तरी सगळे बर्थ एका ढिगात विकायला ठेवलेले नसतात. त्यांचे आधीच वाटे पडलेले असतात. या वाट्यांना कोटा म्हणतात.

सर्वांत मोठा वाटा जनरल कोट्याचा. गाडी जिथून सुटते तिथून, किंवा त्याच्या लगतच्या स्टेशनांवरून, शेवटपर्यंत किंवा शेवटाजवळ जाणाऱ्यांसाठी तो असतो. त्यातले बर्थ संपले की जी यादी लागते तिच्यापुढे जीएनडब्ल्यूएल अशी अक्षरं येतात. ही यादी सर्वांत वेगाने सरकते, कारण सर्वाधिक तिकिटं याच कोट्यात विकली जातात आणि सर्वाधिक रद्दही इथेच होतात.

दुसरा वाटा रिमोट लोकेशनचा. वाटेतल्या एखाद्या मोठ्या स्टेशनासाठी काही बर्थ राखलेले असतात, त्यांच्या वेटिंगला आरएलडब्ल्यूएल म्हणतात. तिसरा पूल्ड कोटा. वाटेतल्या अनेक लहान-मोठ्या स्टेशनांना मिळून एकच छोटा वाटा दिलेला असतो. त्याचं वेटिंग पीक्यूडब्ल्यूएल. चौथा तत्काळचा, टीक्यूडब्ल्यूएल. याखेरीज महिलांसाठी, ज्येष्ठांच्या लोअर बर्थसाठी, संरक्षण दलांसाठी आणि तातडीच्या सरकारी-वैद्यकीय गरजांसाठी काही बर्थ बाजूला ठेवलेले असतात.

मुद्दा असा की पूल्ड कोट्यात वेटिंग 12 असलेला माणूस, त्याच कोट्यातलं कुणी तिकीट रद्द करेल का, याची वाट पाहत असतो. त्या कोट्यात मुळात 20 बर्थ असतील तर त्यातले 12 जण बेत बदलतील ही आशा फारच दूरची. जनरल कोट्यात 300 बर्थ असतील तर तिथे 58 जण गळणं तितकंसं अवघड नाही. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, कारण प्रत्येक गाडीची वाटणी वेगळी असते. तर्क मात्र सगळीकडे हाच. आकड्याआधी अक्षरं वाचा. जीएन असेल तर आशा ठेवायला जागा आहे. आरएल असेल तर बेताची. पीक्यू असेल तर आकडा एकदम लहान नसल्यास दुसरी सोय त्याच दिवशी बघायला लागा.

कोकणातल्या माणसाला हे सर्वांत जास्त नडतं. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून केरळला जाणारी नेत्रावती किंवा मंगळुरूला जाणारी मत्स्यगंधा रत्नागिरीला थांबते, पण रेल्वेच्या हिशेबात रत्नागिरीचा प्रवासी तोट्याचा. त्याला दिलेला बर्थ रत्नागिरीत रिकामा झाला आणि पुढे कुणी चढलं नाही, तर उरलेले शेकडो किलोमीटर तो रिकामा धावणार. म्हणून रत्नागिरीच्या माणसाला छोट्या वाट्यात टाकतात आणि मोठा वाटा लांब जाणाऱ्यासाठी ठेवतात. व्यवहार म्हणून हे समजू शकतं. पण ज्या जिल्ह्यांच्या डोंगरांतून ही लाइन गेली, त्या जिल्ह्यांतल्या लोकांना स्वतःच्या स्टेशनाचं तिकीट सगळ्यात अवघड जावं, हे बोचतंच.

म्हणून गाडी निवडताना ती आपल्या स्टेशनाला किती वाजता पोचते एवढंच बघू नका, ती संपते कुठे हेही बघा. दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडीला संपते. तिथे कुडाळ-कणकवलीच्या प्रवाशाला गोव्याच्या किंवा केरळच्या गर्दीशी बर्थ वाटून घ्यावे लागत नाहीत. विदर्भाकडेही हाच हिशेब. पुण्याहून नागपूरला जायचं असेल तर कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये तुम्ही मधले प्रवासी ठरता. पुण्यातूनच सुटून नागपूरला संपणाऱ्या गाडीत तुम्ही मुख्य प्रवासी असता.

आणखी एक मार्ग आहे, नियमात बसणारा. मधल्या स्टेशनावरून पूल्डचं वेटिंग दिसत असेल, तर गाडी जिथून सुटते तिथून तुमच्या मुक्कामापर्यंतची उपलब्धता बघा. तिथे कन्फर्म किंवा जनरलचं लहान वेटिंग असेल तर तिकीट सुरुवातीच्या स्टेशनापासून काढायचं आणि बुकिंग करतानाच 'बोर्डिंग स्टेशन' म्हणून आपलं स्टेशन निवडायचं. भाडं पूर्ण अंतराचं लागतं, पण ते कधी कधी शे-दीडशे रुपयांनीच जास्त असतं. इथे दोन चुका होतात. बोर्डिंग स्टेशन बदलायचंच राहून गेलं, तर सुरुवातीच्या स्टेशनावर तुम्ही आला नाहीत म्हणून टीसी बर्थ आरएसीवाल्याला, म्हणजे फक्त बसायची जागा मिळालेल्याला, देऊन टाकू शकतो. आणि एकदा बदललं की मूळ स्टेशनावरून चढण्याचा हक्क उरत नाही.

तिरक्या रेघेच्या दोन बाजू

उपलब्धता बघताना 'जीएनडब्ल्यूएल 48/डब्ल्यूएल 21' असं काहीतरी दिसतं. डावीकडचा आकडा सांगतो की या कोट्यात वेटिंगची तिकिटं विकता विकता क्रमांक 48 पर्यंत पोचला आहे. हा आकडा कमी होत नाही. उजवीकडचा 21 म्हणजे मधल्या काळात काही जण गळाले, काही पुढे सरकले आणि आत्ता तिकीट काढलं तर रांगेतली खरी जागा एकविसावी.

या दोन आकड्यांतलं अंतर फार बोलकं आहे. आठवड्याभरात 48 चे 21 झाले असतील तर यादी हलते आहे. 48/47 असेल आणि प्रवास चार दिवसांवर आला असेल, तर यादी गोठलेली आहे. तिकीट काढल्यावर त्यावरचा पीएनआर क्रमांक तपासताना 'बुकिंग स्टेटस' म्हणजे काढलं तेव्हाची जागा आणि 'करंट स्टेटस' म्हणजे आत्ताची. दोन-तीन दिवसांच्या अंतराने हे बघून ठेवलं, की आपली यादी कोणत्या गतीने सरकते ते कळतं. रेल्वेच्या ऑनलाइन तिकीट साइटवर, म्हणजे आयआरसीटीसीवर, कन्फर्म होण्याच्या शक्यतेचा टक्काही दाखवतात, तो मागच्या प्रवासांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असतो. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्यावर विसंबू नका. त्या दिवसांत तिकीट रद्द करणारेच थोडे असतात.

आरएसी म्हणजे वेटिंग आणि कन्फर्मच्या मधली पायरी. प्रवास नक्की, बसायला जागा नक्की, झोपायला मात्र नाही. एका साइड लोअर बर्थवर दोन आरएसीवाले बसतात. भाडं दोघांकडूनही पूर्ण घेतलं जातं. अर्धा बर्थ देऊन पूर्ण पैसे घेणं योग्य आहे असं आम्हाला वाटत नाही, पण नियम आज तरी हाच आहे. कन्फर्मवाल्याने तिकीट रद्द केलं की आरएसी 1 ला पूर्ण बर्थ मिळतो आणि वेटिंग 1 आरएसीत येतो. सरकण्याचा क्रम कायम हाच राहतो. म्हणून वेटिंगवाल्याने नुसता स्वतःचा क्रमांक मोजून भागत नाही. पूर्ण बर्थ हवा असेल तर पुढे उभे असलेले सगळे आरएसीवालेही मोजायला हवेत.

चार्ट लागतो तेव्हा

पूर्वी गाडी सुटायच्या चार तास आधी चार्ट लागायचा. वसईहून किंवा कर्जतहून निघालेल्या माणसाला वाटेतच कळायचं की तिकीट झालं नाही. जुलै 2025 पासून ही वेळ मागे नेली. सुरुवातीला आठ तास ठरले, नंतर चार्ट त्याहूनही आधी लागू लागला. पहाटे पाचनंतर ते दुपारी दोनपर्यंत सुटणाऱ्या गाड्यांचा चार्ट आदल्या रात्रीच लागतो. प्रवाशांच्या बाजूने झालेला हा अलीकडचा सर्वांत उपयोगी बदल म्हणावा लागेल, कारण एसटी किंवा खासगी बस शोधायला हातात वेळ राहतो.

मधल्या स्टेशनावरून चढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायला हवं. हे तास गाडी जिथून सुटते तिथल्या वेळेपासून मोजले जातात. काही मोठ्या स्टेशनांचा चार्ट वेगळा लागतो, पण बाकीच्यांचा मूळ स्टेशनाबरोबरच. गाडी तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी येत असेल, तर तुमच्या तिकिटाचा निकाल कदाचित आदल्या दिवशीच लागून गेलेला असतो.

चार्टच्या क्षणी राखीव कोट्यांत न विकले गेलेले बर्थ सर्वसाधारण रांगेकडे येतात. त्यामुळे सकाळपर्यंत 9 वर अडकलेलं जनरल वेटिंग चार्टमध्ये एकदम पक्कं होतं, तो चमत्कार इथला. तत्काळच्या वेटिंगला मात्र या वाटपात जनरलच्या मागे उभं राहावं लागतं, शिवाय त्याला आरएसीची पायरीही नाही. म्हणून टीक्यू वेटिंग 5 हे जीएन वेटिंग 30 पेक्षाही कच्चं असू शकतं.

पहिल्या चार्टनंतर उरलेले बर्थ 'करंट' म्हणून विकले जातात. गाडी सुटायच्या सुमारे 30 मिनिटं आधी दुसरा चार्ट लागतो, तोवर ही विक्री चालते. याची माहिती फार थोड्यांना असते. चार्ट लागल्यावर आयआरसीटीसीच्या 'चार्ट्स/व्हेकन्सी' पानावर गाडी क्रमांक, तारीख आणि स्टेशन टाकलं की कोणत्या डब्यातला कोणता बर्थ कुठून कुठपर्यंत रिकामा आहे ते दिसतं. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. तुम्हाला मुंबईहून भुसावळला जायचंय आणि बर्थ नाशिकपासून पुढे रिकामा दिसतोय, तर टीसीशी बोलताना डबा आणि बर्थ क्रमांकासह बोलता येतं. 'साहेब, एखादा बर्थ बघा ना' म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. अर्थात आरएसीवाल्यांचा हक्क आधीचा.

खिडकीचं वेटिंग आणि मोबाइलवरचं वेटिंग

यातला फरक माहीत नसल्याने लोक दंड भरतात. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरचे सगळेच प्रवासी चार्टनंतर वेटिंगमध्ये राहिले, तर तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. ते तिकीट दाखवून गाडीत चढलात तर तुम्ही विनातिकीट. दंड किमान 250 रुपये, वर भाडं.

खिडकीवरचं कागदी तिकीट आपोआप रद्द होत नाही. त्यावर जनरल डब्यातून जाता येतं, पण स्लीपर किंवा एसीत बसता येत नाही. 'पैसे स्लीपरचे भरलेत, उभं राहून जातो' हा युक्तिवाद टीसीपुढे चालत नाही. हा नियम जुनाच आहे, 1 मे 2025 पासून त्याची अंमलबजावणी कडक झाली. प्रवास करायचा नसेल तर गाडी सुटायच्या 30 मिनिटं आधीपर्यंत ते रद्द करावं लागतं, नाहीतर पैसे बुडाले. खिडकीचं तिकीट आयआरसीटीसीवर किंवा रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवर रद्द करता येतं, पैसे घ्यायला मात्र खिडकीवर जावं लागतं.

एक मधला प्रकार. चौघांच्या एका ऑनलाइन तिकिटात दोघं कन्फर्म झाले आणि दोघं वेटिंगवर राहिले, तर तिकीट रद्द होत नाही. चौघांचीही नावं चार्टमध्ये राहतात आणि चौघं दोन बर्थवर प्रवास करू शकतात. कुटुंबाने एकत्र जायचं असेल तर एकाच पीएनआरवर तिकीट काढण्याचा हा मोठा फायदा आहे. उलट, सगळ्यांना पूर्ण बर्थ हवाच असेल तर बुकिंगच्या वेळी 'कन्फर्म बर्थ मिळाले तरच बुक करा' अशा अर्थाचा चौकोन असतो, त्यावर टिक करा.

तिथेच 'विकल्प' योजनेचीही विचारणा होते. वेटिंग राहिलं तर त्याच मार्गावरच्या दुसऱ्या गाडीत जागा द्या, असं तुम्ही सांगत असता. जादा पैसे लागत नाहीत. पण एकदा दुसऱ्या गाडीत जागा मिळाली की ते कन्फर्म तिकीट ठरतं. ती गाडी तुम्हाला नको असली तरी रद्द करताना कन्फर्मचेच पैसे कापले जातात. दुसरी गाडी वेगळ्या टर्मिनसवरून, वेगळ्या वेळी सुटणारीही असू शकते. त्यामुळे पर्यायी गाड्या निवडताना फक्त चालतील तेवढ्याच निवडा.

तत्काळमध्ये पैसे कापतात आणि तिकीट का येत नाही?

एसीचं तत्काळ सकाळी 10 ला आणि बिगर एसीचं 11 ला उघडतं, प्रवासाच्या आदल्या दिवशी. पण 'आदला दिवस' हा गाडीच्या मूळ स्टेशनाच्या तारखेवरून धरतात. हावड्याहून रात्री निघणारी मुंबई मेल नागपूरला दुसऱ्या दिवशी येते. नागपूरहून 10 तारखेला बसायचं असेल तर गाडीची तारीख 9, म्हणून तत्काळ 8 तारखेला उघडतं. 9 तारखेला सकाळी सज्ज होऊन बसलेल्याला काय दिसणार? वेटिंग.

जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार-पडताळणी झालेलं खातं आणि ओटीपी लागतो. पहिली 30 मिनिटं एजंटांना बंदी आहे. पडताळणी आदल्या दिवशी करून ठेवायची, 9:55 ला नव्हे.

आता पैशांचं कोडं. पडद्यावर 'उपलब्ध 14' दिसतं तेव्हा ते 14 बर्थ तुमच्यासाठी कुणी धरून ठेवलेले नसतात. आरक्षणाची मुख्य यंत्रणा रेल्वेची 'क्रिस' ही संस्था चालवते, आयआरसीटीसी हा तिच्यापर्यंत जाणारा दरवाजा. तुम्ही नावं भरता, कॅप्चा टाकता, बँकेच्या पानावर जाता, पैसे कापले जातात, बँकेचा होकार परत येतो, आणि मग मुख्य यंत्रणा बर्थ देते. पैसे कापणं आणि बर्थ मिळणं यांच्यामध्ये जे सेकंद जातात तेवढ्यात 14 चे शून्य होतात. मग हातात वेटिंगचं तिकीट येतं किंवा व्यवहारच फसतो. फसलेल्या व्यवहाराचे पैसे आपोआप परत येतात, पण त्याला काही दिवस लागतात. तोवर दुसरं तिकीट काढायला खात्यात पैसे नसतील तर माणूस दोन्हीकडून अडकतो.

उपाय म्हणजे हे सेकंद वाचवणं. प्रवाशांची नावं, वय 'मास्टर लिस्ट'मध्ये आधीच भरून ठेवा. पैसे आयआरसीटीसीच्या स्वतःच्या ई-वॉलेटमध्ये असले तर बँकेची फेरी वाचते. बर्थची पसंती 'हवा तर लोअरच' अशी सक्तीची ठेवू नका, लोअर संपले की व्यवहार तिथेच अडतो. एका तत्काळ तिकिटावर चारच प्रवासी चालतात, पाचवं नाव टाकण्यात वेळ घालवू नका. आणि जनरलचं वेटिंग हातात असेल तर तत्काळ पक्कं झाल्याशिवाय ते रद्द करू नका.

कन्फर्म झालेलं तत्काळ रद्द केलं तर एक रुपयाही परत मिळत नाही. तत्काळचा जादा आकार स्लीपरला 100 ते 200 रुपये, थर्ड एसीला 300 ते 400, सेकंड एसीला 400 ते 500. प्रीमियम तत्काळमध्ये तर मागणी वाढेल तसं भाडं वाढत जातं.

भाड्यातले न दिसणारे भाग

'पुण्याला जायला थर्ड एसीचे एवढे पैसे?' हा प्रश्न रास्त आहे. मुंबई–पुणे अंतर 192 किलोमीटर. पण थर्ड एसीचं भाडं किमान 300 किलोमीटरचं आकारतात, स्लीपरचं 200 चं, चेअर कारचं 150 चं. म्हणजे पुण्याच्या प्रवाशाने थर्ड एसीत शंभरेक किलोमीटरचे पैसे न केलेल्या प्रवासाचे भरले. त्याला चेअर कारची गाडी स्वस्त पडते ती यामुळेच. कोकण रेल्वेवर तर भाड्यासाठीचं अंतरच खऱ्यापेक्षा 40 टक्के जास्त धरतात. बांधकामाचा खर्च भरून काढायला ही पद्धत आली. रोहा ते ठोकूर ही लाइन जानेवारी 1998 मध्ये पूर्ण झाली, तरी वाढीव अंतर अजून चालूच आहे. याचा फेरविचार व्हायला हवा.

मूळ भाड्यावर आरक्षण आकार येतो: स्लीपरला 20 रुपये, थर्ड एसीला 40, सेकंड एसीला 50. गाडी सुपरफास्ट असेल तर स्लीपरला आणखी 30, थर्ड आणि सेकंड एसीला 45. एसीला 5 टक्के जीएसटी. ऑनलाइन काढलं तर सोय-शुल्क: यूपीआयने बिगर एसीला 10 आणि एसीला 20 रुपये, इतर मार्गाने 15 आणि 30, वर जीएसटी. हे प्रवाशामागे नाही, तिकिटामागे असतं. राजधानी, शताब्दी, दुरांतोमध्ये सप्टेंबर 2016 पासून फ्लेक्सी भाडं आहे. दर 10 टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं 10 टक्क्यांनी चढतं, ठरावीक मर्यादेपर्यंत. तिथे लवकर काढणं म्हणजे थेट पैसे वाचवणं.

ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली. त्याआधी 58 वर्षांवरील स्त्रियांना 50 टक्के आणि 60 वर्षांवरील पुरुषांना 40 टक्के सूट होती. आता वय भरलं तरी फक्त लोअर बर्थच्या वाट्यात प्राधान्य मिळतं. पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्याला वर्षातून एकदा मुलीकडे जाण्याचा खर्च जवळजवळ दुपटीवर गेला, हे विसरता कामा नये.

पैसे परत मिळवताना

वेटिंग किंवा आरएसी रद्द केलं तर प्रवाशामागे 60 रुपये कापतात, एसीला वर जीएसटी. वेटिंगचं ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द झालं तरीही हे 60 रुपये जातात, सोय-शुल्कही परत येत नाही. रेल्वे जागा देऊ शकली नाही आणि भुर्दंड प्रवाशाला, हे आम्हाला सरळ अन्यायाचं वाटतं.

कन्फर्म तिकिटाला किमान कपात स्लीपरला 120, थर्ड एसी आणि चेअर कारला 180, सेकंड एसीला 200, फर्स्ट एसीला 240 रुपये. 2015 च्या परतावा नियमांनी सुटायच्या 48, 12 आणि 4 तास आधी असे टप्पे ठरवले होते. वेळ जवळ येईल तशी कपात आधी 25 टक्के, मग 50 टक्के. हे टप्पे गाडीच्या प्रकारानुसार वेगळे असू शकतात आणि बदलतही असतात, म्हणून रद्द करण्याआधी त्या दिवशीचा नियम बघून घ्या. चार्ट लागल्यावर कन्फर्म तिकीट रद्द करून पैसे मिळत नाहीत. तिथे टीडीआर लागतो.

टीडीआर म्हणजे परताव्याचा कारणासह अर्ज, आयआरसीटीसीच्या खात्यातूनच भरायचा. लोक पैसे गमावतात ते कारण चुकीचं म्हणून कमी आणि वेळ चुकली म्हणून जास्त. गाडी तुमच्या स्टेशनावर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर पूर्ण पैसे मिळतात, तत्काळचेही. पण टीडीआर गाडी तुमच्या स्टेशनावरून प्रत्यक्ष सुटायच्या आत भरलेला हवा. घरी जाऊन, जेवून, शांतपणे भरला तर अर्ज नामंजूर. खिडकीचं तिकीट असेल तर तेही गाडी सुटायच्या आत खिडकीवर परत करावं लागतं.

एसी बंद पडला तर थर्ड एसीवाल्याला तेवढ्या अंतराचा थर्ड एसी आणि स्लीपरमधला फरक मिळतो. त्यासाठी टीसीकडून एसी बंद असल्याचा दाखला घ्यायचा आणि गाडी मुक्कामाला पोचल्यापासून 20 तासांच्या आत टीडीआर भरायचा. टीसी दाखला देत नसेल तर त्याच क्षणी 139 वर किंवा 'रेल मदत' या रेल्वेच्या तक्रार अ‍ॅपवर पीएनआरसह तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ हा तुमचा पुरावा. आरक्षित डब्यात विनाआरक्षण गर्दी घुसली, पाणी नाही, संडास तुंबलाय, यांनाही हाच मार्ग. डबा क्रमांक आणि पुढचं थांब्याचं स्टेशन सांगा, कारण माणूस पाठवायचा तो पुढच्या स्टेशनावरूनच.

गाडी पूर्ण रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे काही न करता येतात, खिडकीचं तिकीट तीन दिवसांच्या आत दाखवावं लागतं.

उशिरामुळे विमान चुकलं, परीक्षा बुडाली, अशा नुकसानीची भरपाई रेल्वेच्या परतावा नियमांत नाही. पण ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे. सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजमेर–जम्मू गाडीच्या उशिराच्या प्रकरणात प्रवाशाला मिळालेली भरपाई कायम ठेवली. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने सिद्ध करायला हवं, नाहीतर ती सेवेतली त्रुटी ठरते, असं न्यायालयाने म्हटलं. अशी तक्रार करायची असेल तर तिकीट, गाडी किती वाजता पोचली त्याची अ‍ॅपवरची नोंद, 139 वरच्या तक्रारीचा क्रमांक आणि नुकसानीची पावती ही चार कागदं जपून ठेवा. गाडीची जुनी नोंद काही दिवसांनी सहज सापडत नाही, म्हणून तिचं छायाचित्र गाडीतून उतरलात त्याच दिवशी काढून ठेवा.